सभासदांची यादी मागितली की काय द्यायचं: कोकणातल्या संस्थांसाठी माहिती देण्याघेण्याची रीत

हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही मच्छीमार सोसायटीत, नाहीतर आंबा बागायतदारांच्या संघात, वर्षभर एकच मागणी वेगवेगळ्या तोंडांनी येत असते: "सभासदांची यादी पाठवा." बँकेला ती कर्जासाठी हवी असते, विमा कंपनीला बोटींच्या विम्यासाठी, निर्यातदाराला बागांच्या नोंदणीसाठी, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी. निवडणूक जवळ आली की आणखीही कुणाकुणाला हवी असते. कार्यालयात यादी मात्र एकच. नाव, वाडी, मोबाइल, आधार, खातं, बोट, जमीन, थकबाकी असं सगळं एका एक्सेल फायलीत. मागणाऱ्याला त्यातले तीन रकाने पुरतात, आणि जाते अख्खी फाइल, तीही व्हॉट्सॲपवरून.

ही रीत मोडायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. मागणाऱ्याला यादी हवी आहे की एखाद्या प्रश्नाचं उत्तर, एवढं आधी काढून घ्यावं लागतं. बहुतेक वेळा उत्तरानंच काम भागतं.

आधी प्रश्न लिहून घ्या

मागणी फोनवर आली तरी समोरच्याकडून चार ओळी लेखी घ्या: कशासाठी हवं, कोणते रकाने हवेत, कोण बघणार, काम झाल्यावर फायलीचं काय होणार. या चार ओळी लिहिताना निम्म्या मागण्या आपोआप लहान होतात. "सगळा डेटा द्या" म्हणणाऱ्याला बऱ्याचदा स्वतःलाच माहीत नसतं की त्यातलं काय लागणार आहे.

बँकेचं उदाहरण घ्या. कर्ज मागणारे बाराजण सोसायटीचे सभासद आहेत का आणि त्यांच्याकडे सोसायटीची थकबाकी आहे का, एवढंच बँकेला बघायचं असतं. त्यासाठी चारशे सभासदांची यादी बँकेकडे जायचं कारण नाही. दिशा उलटी करा: बँकेनं बारा नावं पाठवावीत, तुम्ही समोर "सभासद: होय / नाही" आणि "थकबाकी: होय / नाही" लिहून परत द्यावीत. रकमेचा आकडासुद्धा त्यांनी वेगळा मागितला आणि सभासदानं सही दिली तरच.

विमा कंपनीला दरपत्रक काढायला बोटीची लांबी, इंजिनाची अश्वशक्ती, बांधणीचं वर्ष आणि बंदर लागतं. मालकाचं नाव आणि मोबाइल या टप्प्यावर लागत नाही. मालक तयार झाला की तो स्वतः देतो. निर्यातदाराला गट क्रमांक, कलमांची संख्या, फवारणीच्या नोंदी हव्या असतात, कारण अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं काम बघणारी केंद्रीय संस्था) मँगोनेटवर बाग नोंदवायची असते. आधारची झेरॉक्स जोडण्याची सवय मात्र सगळीकडे सारखीच दिसते, आणि ती कुणी मागितलेलीही नसते. जिथं ओळखीचा पुरावा खरोखरच लागतो, तिथं मास्क्ड आधार द्यावा. तो यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतो आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

बेरीज दिली तरी नाव कळू शकतं

अभ्यासकाला किंवा सरकारी खात्याला एकूण आकडे दिले की कुणाचं गुपित फुटत नाही, असा समज आहे. छोट्या बंदरात तो टिकत नाही. बंदरात पर्ससीनच्या (मोठ्या घेर-जाळ्याच्या) दोनच बोटी असतील आणि तुम्ही "पर्ससीन, ऑक्टोबर, एकूण पकड" असा आकडा छापलात, तर प्रत्येक मालक त्यातून स्वतःचा आकडा वजा करतो आणि दुसऱ्याचा किलोपर्यंत काढतो. तीन बोटी असतील तर दोघं मिळून तिसऱ्याचा काढतात. जेटीवर ही वजाबाकी करायला कुणाला कॅल्क्युलेटर लागत नाही.

म्हणून दोन अटी पाळा. एका ओळीत किमान पाच बोटी किंवा पाच बागा असल्याशिवाय तो आकडा बाहेर द्यायचा नाही. आणि पाच असल्या तरी त्यातल्या एकट्याचाच वाटा निम्म्याहून जास्त असेल तर तीही ओळ द्यायची नाही, कारण मग एकूण आकडा म्हणजे जवळपास त्याचाच आकडा. अशा ओळी शेजारच्या गटात मिळवा. दोन बंदरं एकत्र करा किंवा महिन्याऐवजी हंगाम धरा.

इथं एक चूक हमखास होते. लहान ओळीच्या जागी फुली मारली जाते, पण खाली तालुक्याची बेरीज तशीच राहते. मग बेरजेतून बाकीच्या ओळी वजा केल्या की फुलीखालचा आकडा बाहेर. एक ओळ झाकायची असेल तर सोबत आणखी एक झाकावी लागते, नाहीतर बेरीजच काढून टाकावी लागते. आधीच्या वर्षी हाच तक्ता कुणाला पूर्ण दिला होता का, तेही तपासा.

मासळी कुठं लागली हा तर त्याहून नाजूक विषय. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आपली जागा सख्ख्या भावाला सांगत नाही, आणि जीपीएसच्या नोंदींची फाइल मात्र कुणाच्याही ईमेलमध्ये जाऊन बसते. अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर चार आकड्यांपर्यंत दिले तर जागा सुमारे अकरा मीटरपर्यंत नेमकी कळते. दोन आकडे ठेवले तर सुमारे १.१ किलोमीटर, एकच ठेवला तर सुमारे ११ किलोमीटरचा चौकोन. मासळीचं वितरण अभ्यासायला एक आकडा बहुतेक वेळा पुरतो. सोबत बोटीचं नाव आणि बंदरातून सुटल्याची वेळ देऊ नका. वेळ आणि वेग धरून अंतराचा अंदाज बांधता येतो. आणि फाइल चालू हंगामात देऊच नका. १ जूनला पावसाळी बंदी सुरू झाल्यावर द्या, म्हणजे त्या हंगामापुरती तरी तिची बाजारातली किंमत संपलेली असते.

नावाऐवजी मोबाइल नंबर "हॅश" करून द्या, असा सल्ला कॉम्प्युटरवाले कधी कधी देतात. हॅश म्हणजे नंबरवरून गणितानं काढलेली लांबलचक अक्षरमाळ, जिच्यावरून मूळ नंबर उलटा काढता येत नाही असं मानलं जातं. पण भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी, आणि सुरुवात ६ ते ९ मधली. म्हणजे शक्य नंबर फार तर चारशे कोटी. साधा संगणकही ते सगळे हॅश करून जुळवून बघू शकतो. आधारच्या बारा आकड्यांचीही तीच गत. त्याऐवजी यादीतल्या प्रत्येकाला एक नवा, अर्थहीन क्रमांक द्या, ओळींचा क्रम वरखाली करून टाका, आणि कोणता क्रमांक कुणाचा याची चावी कार्यालयातल्या वेगळ्या फायलीत ठेवा. क्रमांक सभासद क्रमांकाच्या क्रमानंच दिलात तर मात्र सगळा खटाटोप फुकट.

फायलीच्या पोटात काय राहतं

माहिती फुटण्याचे बरेच प्रकार चोरीचे नसतात. फाइल वरून स्वच्छ दिसते, आत मात्र सगळं असतं.

एक्सेलमध्ये रकाना "हाइड" केला तरी तो फायलीतच असतो. समोरचा दोन क्लिकमध्ये उघडतो. "प्रोटेक्ट शीट"चा पासवर्ड चुकून होणारे बदल टाळण्यासाठी आहे, गुप्ततेसाठी नाही. सगळ्यात फसवी गोष्ट पिव्होट टेबल. तुम्ही फक्त गावनिहाय बेरजेचा तक्ता नव्या फायलीत नेला असं तुम्हाला वाटतं, पण मूळ नोंदींची प्रत त्या तक्त्याच्या पोटात सोबत जाते. बेरजेच्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं की त्यामागच्या सगळ्या ओळी नव्या पानावर उघडतात, नाव-मोबाइलसकट.

उपाय एकच आणि साधा: कोरी फाइल उघडा, हवे तेवढेच रकाने निवडा, "पेस्ट स्पेशल"मधून "व्हॅल्यूज" म्हणून चिकटवा, आणि ती पाठवा. मूळ फाइलवर "सेव्ह ॲज" करून नको ते पुसत बसू नका, काहीतरी राहतंच. पाठवण्याआधी फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट या वाटेनं जाऊन लपलेली पानं, रकाने आणि शेरे तपासून घ्या.

पीडीएफमध्ये आधार क्रमांकावर काळी पट्टी ओढलेली असते, पण पट्टीखालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. पट्टी ओढल्यावर पान छापा आणि छापलेलं पान स्कॅन करून पाठवा. जुनाट वाटलं तरी हमखास चालतं.

फोटोंचंही तसंच. वादळानंतर पंचनाम्यासाठी काढलेल्या फोटोत मोबाइल ठिकाण नोंदवून ठेवतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती नोंद गळून पडते; "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर राहते. पंचनाम्याला ठिकाण हवं असतं, तिथं डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पत्रिकेत किंवा फेसबुकवर टाकायचा असेल तर साधा फोटो.

गूगल शीट वापरत असाल तर "ज्याच्याकडे लिंक आहे तो कुणीही" हा पर्याय बंद ठेवून माणसांची नावं घाला. लिंक एकदा ग्रुपवर गेली की ती कुणाकुणाच्या हातात आहे ते तुम्हाला कळत नाही. फक्त बघण्याची परवानगी असलेल्या माणसालाही शीटची प्रत करून लपलेले रकाने उघडता येतात, त्यामुळे हाइडवर इथंही विसंबू नका. एका शीटमधले थोडे रकाने दुसऱ्या संस्थेच्या शीटमध्ये आपोआप दिसावेत म्हणून इम्पोर्टरेंज हे सूत्र वापरतात. सोय चांगली आहे, पण एकदा परवानगी दिली की त्या दुसऱ्या शीटमध्ये लिहू शकणारा माणूस सूत्र बदलून तुमच्या मूळ शीटचा कुठलाही भाग ओढू शकतो. म्हणून मध्ये एक तिसरी शीट करा. तिच्यात फक्त द्यायचे रकाने ठेवा, आणि बाहेरच्यांना त्या मधल्या शीटचीच वाट द्या.

दोन संस्थांच्या याद्या जुळवताना

नुकसानभरपाई, डिझेल कोटा, पीकविमा अशा कामांत दोन संस्थांच्या याद्या एकमेकींशी लावाव्या लागतात, आणि खरी कुस्ती इथंच असते. संगणकाला नाव कळत नाही, फक्त अक्षरं कळतात.

कऱ्हाडकर हे आडनाव दोन कार्यालयांत दोन कीबोर्डांवर टाइप झालं तर पडद्यावर हुबेहूब सारखं दिसतं आणि तरी जुळत नाही, कारण तो अर्धा ऱ दोन वेगळ्या संकेतांनी लिहिता येतो आणि त्यातल्या एकात न दिसणारं एक चिन्ह मध्ये असतं. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधल्या याद्या तर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय शोधताही येत नाहीत. इंग्रजी स्पेलिंगात एका 'ए'चे दोन होतात. बाईचं नाव सातबाऱ्यावर माहेरचं आणि बँकेत सासरचं असतं. एकाच वाडीत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे चुलतभाऊ असतात.

म्हणून नावावर जुळवणी करू नका. बोटीसाठी आयएनडी-एमएचनं सुरू होणारा नोंदणी क्रमांक धरा, आणि जुळवण्याआधी त्यातल्या रेघा आणि मोकळ्या जागा दोन्हीकडून काढून टाका. गावासाठी केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा सहा आकडी कोड वापरा. शिरगाव रत्नागिरी तालुक्यात आहे, देवगडात आहे आणि चिपळुणातही आहे. माणसासाठी मोबाइल, जन्मवर्ष आणि वाडी यांतल्या दोन गोष्टी जुळल्या आणि नाव जवळपास सारखं असलं तरच "जुळलं" म्हणा. एकच जुळत असेल तर ती ओळ "संशयित" म्हणून बाजूला काढा आणि फोन करून विचारा. संशयित ओळी आपोआप मान्य केल्या की एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात, आणि ते परत आणायला यादी करायच्या दहापट वेळ लागतो.

जमिनीच्या याद्यांत कोकणाची अडचण वेगळीच. एका सातबाऱ्यावर वीस-तीस सामाईक नावं, त्यातली अर्धी मुंबईत, काही वारलेली आणि वारस नोंद न झालेली. इथं "खातेदार" हा एकच रकाना ठेवलात तर फसाल. गट-हिस्सा, खातेदार, हयात की वारस, प्रत्यक्ष बाग कोण बघतो, आणि पैसे कुणाच्या खात्यात जायचे, असे वेगळे रकाने करा. नावामागे "अ.पा.क." (मालक अल्पवयीन असताना पालकाच्या नावानं झालेली नोंद) असेल तर तो मालक आजही अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे की वीस वर्षांपूर्वीच सज्ञान झाला, हे तपासा.

क्षेत्राचा रकाना स्वतंत्र डोकेदुखी. सातबाऱ्यावर ०.४०.५० म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. संगणकात ते ०.४०५० हेक्टर असं लिहायचं. एका कार्यालयानं १.२० हे हेक्टर-आर समजून लिहिलं आणि दुसऱ्यानं एकर-गुंठे समजून वाचलं, तर जवळपास तीन एकरांची बाग दीड एकराची होते. आंब्याच्या नोंदीत "पेटी" हे एकक म्हणून चालवून घेऊ नका. पेटी पाच डझनाची की सहाची ते माल आणि बाजार बघून बदलतं. डझन आणि किलो असे दोन रकाने ठेवा. मासळीच्या टोपलीचंही तेच.

तारीखही अशीच दगा देते. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं. ०३/०६/२०२० असं लिहून फाइल अमेरिकी मांडणीच्या संगणकावर उघडली की ती ६ मार्च होते, म्हणजे वादळाचं नुकसान ऐन शिमग्याच्या तोंडावर दिसायला लागतं. वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, २०२०-०६-०३ असं लिहा.

आणि खाते क्रमांक. एक्सेल संख्येतले पहिले १५ आकडेच खरे धरतं, पुढच्या आकड्यांचं शून्य करतं. सोळा-सतरा आकडी खातं संख्या म्हणून टाइप केलं की शेवट गेलाच, आणि सेव्ह केल्यावर तो परत येत नाही. सुरुवातीची शून्यंही अशीच गळतात. खातं, मोबाइल, आधार हे रकाने आधी "टेक्स्ट" करा, मग भरा. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा, त्यातलं पाचवं अक्षर कायम शून्य. तिथं इंग्रजी 'ओ' टाइप झालेला असतो. देना आणि विजया या बँका २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. जुन्या पासबुकावरून उतरवलेले असे कोड यादीत उरले असतील तर पैसे परत येतात.

दोन संस्थांमध्ये फाइल सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्त्यात) द्यायची ठरली तर "सीएसव्ही यूटीएफ-८" हाच प्रकार निवडा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. घेणाऱ्यानं ती दोनदा क्लिक करून उघडू नये. कोरं एक्सेल उघडून डेटा टॅबमधल्या "फ्रॉम टेक्स्ट"मधून आत घ्यावी, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडावं आणि तिथंच खात्याचा रकाना टेक्स्ट करावा.

पाठवणं आणि पोचपावती

फाइलला एक्सेलच्याच "एन्क्रिप्ट विथ पासवर्ड"नं कुलूप लावा, किंवा सेव्हन-झिप वापरून एईएस-२५६ निवडा. जुन्या एक्सएलएस प्रकाराचं कुलूप कच्चं आहे, एक्सएलएसएक्स वापरा. पासवर्ड फोनवर सांगा, त्याच ईमेलमध्ये लिहू नका. संस्थेचा नोंदणी क्रमांक किंवा गावाचं नाव आणि १२३ हा पासवर्ड नव्हे. ईमेल घेणाऱ्या संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर, एका नावाच्या माणसाला. व्हॉट्सॲप टाळा: फाइल प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये उतरते आणि "डिलीट फॉर एव्हरीवन" केलं तरी उतरवून घेतलेली प्रत तिथंच राहते.

फायलीसोबत एक छोटी तळटीप द्या: एकूण ओळी किती, रकमेची बेरीज किती, आणि खाते क्रमांकांच्या शेवटच्या चार-चार आकड्यांची बेरीज किती. तिसरी बेरीज निरर्थक दिसते, पण त्या चार आकड्यांतला एक जरी बदलला तरी ती बदलते. घेणाऱ्यानं हे तीन आकडे आपल्याकडे काढून कळवले की ती पोचपावती. आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक एका ओळीत लिहिलेलं पान जोडा. ते नसेल तर सहा महिन्यांनी दोन्हीकडच्या कुणालाच आठवत नाही की "क्षेत्र" म्हणजे एकूण जमीन की कलमांखालचीच.

कागद काय करायचा

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत दिली. संस्थेच्या कामापुरत्या चार गोष्टी लक्षात असू द्या. कपाटातलं हाती लिहिलेलं रजिस्टर या कायद्यात येत नाही, पण ते स्कॅन किंवा टाइप केलं की येतं. संमती मागणारी सूचना सभासदाला मराठीत मिळायला हवी, कारण आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत ती मागण्याचा त्याला हक्क आहे. अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकाची पडताळता येणारी संमती लागते, वारसांच्या यादीत हे हमखास लागू होतं. आणि टायपिंग किंवा सॉफ्टवेअरचं काम बाहेर दिलं असेल तर त्याच्या हातून झालेल्या गळतीची जबाबदारी तुमचीच राहते. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

सरकारी अनुदानासाठी सरकारनं माहिती वापरायला कायद्यात वेगळी तरतूद आहे. पण अनुदानासाठी गोळा केलेली तीच यादी विमा एजंटाला किंवा मोबाइल कंपनीला द्यायची असेल तर त्या कामासाठी वेगळी संमती लागते. "सभासद अर्जावर सही आहेच की" हे उत्तर चालत नाही.

नेहमी देवाणघेवाण असलेल्या संस्थेशी एका पानाचा करार करा. वकिली भाषा नको. कोणते रकाने, कोणत्या कामासाठी, दोन्हीकडचा जबाबदार माणूस कोण, तिसऱ्याला द्यायची मनाई, कोणत्या तारखेला पुसायचं आणि पुसल्याचं पत्र, आणि गळती झाली तर २४ तासांत कळवणं. पुसण्याची तारीख लिहिताना "काम संपल्यावर" असं लिहू नका, काम कधीच संपत नाही. ३१ मार्च किंवा ३० सप्टेंबर अशी तारीख घाला. आवक-जावक रजिस्टराशेजारी डेटाचं जावक रजिस्टर ठेवा: तारीख, कुणाला, कोणते रकाने, किती ओळी, पुसण्याची तारीख.

बोट अडचणीत असेल तर

वरचं सगळं इथं बाजूला ठेवायचं. बोट परतली नाही तर तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा सागरी पोलिसांना १०९३ वर माहिती द्यायला कुणाची परवानगी शोधत बसू नका. जीव वाचवण्यासाठी आणि आपत्तीत माहिती देण्याची मुभा कायद्यातच आहे. अडचण संमतीची नसतेच, माहिती हाताशी नसण्याची असते. प्रत्येक बोटीचं एक पान आधीच छापून ठेवा: नाव, नोंदणी क्रमांक, रंग, लांबी, ट्रान्सपॉन्डर असेल तर त्याचा क्रमांक, वायरलेसची वाहिनी, किनाऱ्यावरच्या दोघांचे मोबाइल. खलाशांची नावं आणि सुटल्याची वेळ बोट सुटताना लिहायची. खलाशी हंगामात बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीची यादी नसल्यातच जमा. आणि हे पान बातमीदाराला द्यायचं नाही. खलाशाच्या घरी कळण्याआधी नाव टीव्हीवर येतं ते अशाच पानांवरून.

प्रती कुठं ठेवायच्या

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी, हा जगभरचा नियम. कोकणात "दुसऱ्या ठिकाणी" याचा अर्थ नीट लावावा लागतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण बाजारपेठेत शिरलं तेव्हा एकाच रस्त्यावरची दोन कार्यालयं ही दोन ठिकाणं नव्हती. दुसरी प्रत घाटावर किंवा क्लाउडवर हवी. निसर्गनंतर दापोली-मंडणगडकडच्या बऱ्याच गावांत वीज आणि नेटवर्क कित्येक दिवस नव्हतं, म्हणून फक्त क्लाउडही पुरत नाही. भरपाईचे अर्ज भरायच्या दिवसांत तीच फाइल हवी असते. बाहेरची हार्ड डिस्क बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्टनं कुलूपबंद करून, सिलिका जेलच्या पुडीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, वरच्या मजल्यावर ठेवा. खाऱ्या हवेत पेनड्राइव्हचे संपर्क गंजतात, तिच्यावर एकमेव प्रत कधीच नको. मे महिन्यात, पावसाआधी, प्रतीतून एक फाइल खरोखर उघडून बघा. न उघडलेली प्रत आहे की नाही हे सांगता येत नाही.

गळती झालीच तर

पहिल्या तासात लिंक बंद करा, पासवर्ड बदला, आणि काय गेलं, कुणाला गेलं, कधी कळलं हे वेळेसह कागदावर लिहा. संगणकावर हल्ला झाला असेल तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळल्यापासून ६ तासांत कळवण्याचा आदेश २०२२ पासून आहे. नवे नियम लागू झाल्यावर डेटा संरक्षण मंडळाला लगेच आणि सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यावा लागेल.

सभासदांना कळवताना "तांत्रिक अडचणीमुळे" असली भाषा वापरू नका. खातं आणि मोबाइल गेलं असेल तर स्पष्ट सांगा: बँकेतून बोलतोय म्हणून फोन येईल, तो तुमचं नाव, बोट, थकबाकी बरोबर सांगेल, तरी ओटीपी देऊ नका, पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. आधार गेलं असेल तर यूआयडीएआयच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून द्या, आणि म्हाताऱ्या सभासदांसाठी ते काम कार्यालयातच बसून करा. निरोप फक्त व्हॉट्सॲपवर नको. जेटीवरचा फळा आणि मंदिराजवळचा ध्वनिक्षेपक जास्त लोकांपर्यंत पोचतो.

सचिव किंवा लिपिक बदलला की त्याच दिवशी त्याची प्रवेशाची वाट बंद व्हायला हवी, भांडण असो वा नसो. पासवर्ड बदलला तरी ईमेलच्या रिकव्हरीला जुन्या सचिवांचाच मोबाइल राहिलेला असतो. तो काढा आणि तिथं संस्थेच्या नावावरचं सिम लावा. त्या सिमचं रिचार्ज कुणी करायचं ते ठरावात लिहा, कारण बराच काळ रिचार्ज न झालेला नंबर बंद होतो आणि पुढं दुसऱ्याच कुणाला मिळतो.